सिरॅमिकची मांडणी: लोकांना त्यावर चालू द्यायचं, हातात द्यायचं, की उंबऱ्यावरूनच दाखवायचं?

लोकांना हात लावता येईल अशी सिरॅमिकची मांडणी करायची म्हणून विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा तुकडे किती लागतील आणि भट्ट्या किती होतील, हे दोन प्रश्न तयार असतात. धुळीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. खरं तर तोच प्रश्न आधी सोडवायला हवा, कारण लोक त्या मांडणीशी काय करणार हे त्यावरच ठरतं.

सगळ्यात मोठा धडा लंडनच्या टेट मॉडर्न या कला-संग्रहालयातला आहे. तिथल्या टर्बाइन हॉलमध्ये १२ ऑक्टोबर २०१० ला चिनी कलावंत आय वेवे यांचं ‘सनफ्लॉवर सीड्स’ खुलं झालं. चीनमधल्या जिंगदेजन या पोर्सिलेनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, गावातल्या सुमारे १,६०० कारागिरांनी घडवून हातानं रंगवलेल्या जवळपास दहा कोटी पोर्सिलेनच्या सूर्यफुलाच्या बिया होत्या त्या. वजन दीडशे टन, जागा हजार चौरस मीटर, थर दहा सेंटीमीटरचा. लोकांनी त्यावरून चालावं, बसावं, ओंजळी भरून बिया खाली सोडाव्यात, अशी कल्पना होती. लोकांनी ते मनापासून केलं. दोन-तीन दिवसांतच अपेक्षेपेक्षा जास्त धूळ उडते आहे, ती दीर्घकाळ वारंवार श्वासात गेली तर घातक ठरू शकते, असं सांगून टेटनं चालणं बंद केलं. पुढे २ मे २०११ पर्यंत लोकांनी ते काम कडेनं उभं राहूनच पाहिलं.

भाजलेलं पोर्सिलेन इतकं कडक, मग त्याची धूळ कशी होते? दोन तुकडे काळ्या कागदावर धरून एकमेकांवर घासून बघा. दहा-बारा वेळा घासलंत की कागदावर पिठासारखी पांढरट रेघ दिसते. आता तेच दहा कोटी तुकडे, वर माणसांचं वजन, आणि दिवसभर घासणं. चिनी मातीच्या मिश्रणात केओलिन आणि फेल्डस्पारबरोबर गारगोटीची पूड असते, म्हणजे स्फटिक सिलिका. भट्टीत तिचा काही भाग वितळून काचेत मिसळतो, पण सगळा नाही. कागदावर दिसते ती पूड फारशी वाईट नाही, ती नाका-घशात अडते. डोळ्यांना न दिसणारे काही मायक्रॉनचे कण फुप्फुसात खोलवर जातात आणि तिथे व्रण करतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना तो याच धुळीनं झाला. अमेरिकेत २०१६ च्या नियमानुसार कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीनं एका घनमीटर हवेत अशी सिलिका ०.०५ मिलिग्रॅमच चालते. चिमूटभर पुडीनंही खोलीभर हवा या मर्यादेपलीकडे जाऊ शकते.

आणि हे सगळं कुणाच्या वाट्याला येतं? प्रेक्षक वीस मिनिटांत निघून जातो. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला सुरक्षारक्षक मात्र रोज आठ तास तीच हवा घेतो, आणि संध्याकाळी झाडलोट करणारी बाई त्याहून वाईट हवा घेते. कुठल्याही पर्यायाचा हिशेब या दोघांच्या फुप्फुसांवरून करा, असं मी विद्यार्थ्यांना कळकळीनं सांगते.

आता याच्या शेजारी ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली यांचं ‘फील्ड’ ठेवा. १९९३ च्या ब्रिटिश आवृत्तीत इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्सच्या लोकांनी घडवलेल्या सुमारे चाळीस हजार मातीच्या मूर्ती आहेत. त्या खोलीभर अशा दाटीनं उभ्या असतात की आत पाऊल टाकायलाच जागा नसते. दारात उभं राहायचं आणि चाळीस हजार जोडी डोळे आपल्याकडे बघतात ते सोसायचं. माती कुणाच्या पायाखाली येत नाही, त्यामुळे घासत नाही. लोकांचा सहभाग घडवण्यात होऊन गेलेला असतो. ‘हात लावता येत नाही म्हणजे संवाद नाही’ असं म्हणणाऱ्यांनी त्या दारात एकदा उभं राहावं.

सिरॅमिक कलावंत क्लेअर टूमी यांनी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. एका कामात बोन चायनाच्या ठिसूळ पोकळ फरशा पायाखाली मोडतात. मोडणं हाच त्यातला अर्थ आहे, आणि म्हणूनच तिथे धूळ टाळता येणं अवघड. २००६ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांनी ‘ट्रॉफी’ केलं: निळ्या जॅस्पर मातीचे चार हजार छोटे पक्षी, आणि लोकांना सांगितलं, उचला आणि घरी न्या. काही तासांत सगळे पक्षी गेले. एक वस्तू, एक हात, घासणं जवळपास शून्य. टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्यात २०१४ साली ८,८८,२४६ सिरॅमिक पॉपी फुलं खंदकात रोवली गेली. तिथेही हात लागला तो रोवणाऱ्या स्वयंसेवकांचा, बाकीच्यांनी कठड्यावरून पाहिलं, आणि सगळं उघड्यावर होतं.

माझा कौल ‘ट्रॉफी’च्या वाटेला. लोकांना हातात काहीतरी मिळतं आणि रक्षकाच्या छातीत काही जात नाही. खर्च मात्र नीट मांडा, वस्तू परत येत नाहीत. जागा बंदिस्त असेल आणि प्रदर्शन महिनोन्महिने चालणार असेल, तर ‘फील्ड’सारखं उंबऱ्याचं बंधन घाला. चालणंच हवं असेल तर तुकडे कमी आणि मोठे करा, अवधी दिवसांत मोजा आणि जागा उघडी घ्या. तरीही आधी एक चाचणी करा: शंभर तुकडे काळ्या कापडावर पसरून चार जणांना अर्धा तास त्यावरून चालायला लावा आणि मग कापड बघा. पूड दिसली तर न दिसणारी नक्कीच आहे. न दिसली तरी समाधान मानू नका, हवेचा नमुना घेऊन तपासून घ्या.

साफसफाईला कोरडा झाडू चालत नाही, तो धूळ परत हवेत उडवतो. ओलं फडकं किंवा हेपा (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा. रंगांत आणि ग्लेझमध्ये (वरच्या काचेसारख्या लेपात) शिसं नको, मुलं तुकडे तोंडात घालतात. तुटलेल्या कडा रोज वेचा.

जागा ठरवायला जाल तेव्हा भाडं आणि दिवे विचारण्याआधी तिथल्या रक्षकाची पाळी किती तासांची असते, ते विचारा.