आरी मशीनवरचा साखळी टाका : ऐतिहासिक पोशाखांच्या कामातला वापरानंतरचा अनुभव

नाटके आणि मिरवणुकांतील देखावे यांसाठी ऐतिहासिक पोशाख शिवणे हे आमचे काम आहे, आणि या कामात साखळी टाका टाळून भागत नाही. मुघल दरबारातील वस्त्रे, कच्छमधील मोची कारागिरांचे रेशमी भरत, अठराव्या शतकातील युरोपीय जाकिटे, या सगळ्यांवर तो आढळतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १६२०-३० च्या सुमाराचा एक मुघल शिकारीचा कोट आहे. त्याच्या पांढऱ्या सॅटिनवर झाडे, फुले आणि प्राणी असे काही बारीक साखळी टाक्यात भरले आहेत की छायाचित्र मोठे करून पाहिल्याशिवाय टाका सुटा दिसतच नाही. तितके बारीक काम रंगभूमीला लागत नाही. मात्र त्याच धाटणीचा जामा अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या भरतकामाच्या चौकटीवर, हाताने भरून घ्यायचा म्हटले, तर प्रयोगाची तारीख आणि निर्मात्याचे अंदाजपत्रक दोन्ही कोलमडतात. म्हणून गेल्या हंगामाच्या सुरुवातीला आम्ही कॉर्नेली पद्धतीची, हँडलवर चालणारी आरी मशीन घेतली. ती जुनी, दुरुस्त करून विकलेली आहे.

ही मशीन नेहमीच्या शिलाई मशीनहून मुळातच वेगळी आहे. तिला बॉबिन नसते आणि सुईला नाकेही नसते. सुईच्या टोकाशी आरीसारखा, म्हणजे हाताने भरण्याच्या आकडेदार सुईसारखा, आकडा असतो. दोऱ्याचे रीळ टेबलाखाली राहते. सुई कापडातून खाली उतरली की खालचा लूपर आकड्याभोवती दोरा गुंडाळतो, सुई तो फासा वर ओढून आणते आणि पुढच्या वेळी त्याच फाशातून नवा फासा काढते, त्यामुळे साखळी थेट आपल्या डोळ्यांसमोर, कापडाच्या सुलट बाजूवर तयार होते. फ्रान्सच्या बार्थेलेमी तिमोनिए यांनी १८३० मध्ये पेटंट घेतलेली शिलाई मशीनसुद्धा याच तत्त्वावर, आकड्याच्या सुईने चालत असे. पुढे १८६५ मध्ये आंत्वान बोनाझ यांच्या पेटंटने टेबलाखालच्या हँडलची भर घातली, आणि त्या मशीनला कॉर्नेली हे नाव मिळाले ते ती बनवून विकणाऱ्यांमुळे. जात्याचा खुंटा फिरवावा तसे हे हँडल फिरवायचे. ते ज्या दिशेला वळते त्या दिशेला कापड सरकते आणि सुईचा आकडाही त्याच दिशेला तोंड करतो. कापड हाताने वळवावे लागत नाही, त्यामुळे शिवून झालेल्या, घेरदार जाम्याच्या काठावरसुद्धा वेल भरता येते.

ही मशीन घेण्यापूर्वी हाताशी असलेले पर्याय आम्ही तपासून पाहिले. घरगुती संगणकीय मशीनवर साखळीसारखी दिसणारी नक्षी येते, पण ती दोन दोऱ्यांच्या साध्या टिपेचीच रचना असल्याने चपटी दिसते आणि रंगमंचावरच्या प्रकाशात तिला सावलीच पडत नाही. टी-शर्टच्या कडा दुमडून शिवणाऱ्या कव्हरस्टिच मशीनचा साखळी टाका खरा असतो, परंतु तो कापडाच्या उलट बाजूवर पडतो, म्हणजे नक्षी उलटीकडून शिवावी लागते, आणि तीव्र वळणावर ती मशीन अडते. सरळ पट्ट्यांसाठी ती आजही आम्ही वापरतो. कैरी, वेल किंवा बुट्टा मात्र तिच्यावर जमत नाही. जेम्स गिब्ज यांच्या १८५७ च्या पेटंटवर निघालेल्या एकदोरी विलकॉक्स अँड गिब्ज मशीनचीही हीच अडचण आहे: साखळी खालच्या अंगाला येते. सिंगरची ११४डब्ल्यू१०३ ही आरी मशीनच्याच कुळातली असून अमेरिकेत काउबॉय धाटणीच्या शर्टांवर आणि जॅकेटांवर नावे व चित्रे भरण्यासाठी ती आजही मोठ्या आवडीने वापरली जाते. तिचे सुटे भाग मिळवायचे कुठून, या एकाच प्रश्नाने आम्हांला मागे वळवले.

हात बसायला वेळ लागतो आणि त्याला आडवाट नाही. उजवा हात टेबलाखाली हँडलवर, डावा कापडावर आणि पाय पॅडलवर, अशी तिन्हींची सांगड बसेपर्यंत वळणे टोकदार येतात आणि गोलाचे षट्कोन होतात. मूळच्या क्लच मोटरवर संथ वेग मिळतच नव्हता. पाय जरा टेकला की मशीन सुसाट सुटे. ती काढून सर्व्हो मोटर बसवली आणि वेग कमीत कमी ठेवला, तेव्हा शिकणे खऱ्या अर्थाने सुरू झाले. माझ्या मते मशीनइतकीच ही मोटर महत्त्वाची आहे आणि दुकानदाराशी घासाघीस करायची असेल तर ती मोटरसाठी करावी. आमच्याकडे आलेल्या आमच्या मावशी, ज्यांनी आयुष्यभर हातावर आरी वर्क केले, त्यांनी मशीनवर बसताच आधी पट्टी लावून सरळ रेघा ओढल्या, मग एकातएक वर्तुळे, आणि नंतरच पान. तो क्रम आता आम्ही नव्या मुलींनाही घालून देतो.

टाक्याची लांबी हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. दुकानातून आलेल्या मापावर साखळी लांब आणि एकसारखी पडते व कपडा लगेच यंत्राचा वाटतो. सतराव्या शतकातील पात्राच्या जाम्यासाठी आम्ही टाका शक्य तितका आखूड करतो, पाकळीचे टोक आले की वेग जवळजवळ शून्यावर आणतो आणि एकाच पाकळीत बाहेरून आत अशा ओळी दाटीने भरतो. हाताच्या जुन्या कामात ओळी आकाराच्या कडेला धरून फिरतात, समांतर रांगांत जात नाहीत, आणि प्रेक्षकाला कारण सांगता आले नाही तरी फरक जाणवतो. १८६५ नंतरच्या काळातील पोशाख असेल तर ही सगळी लपवाछपवी अनावश्यक ठरते. त्या सुमारास युरोपात मशीनवरचे साखळी भरत प्रत्यक्ष बाजारात आले होते. एका नाटकातील इंग्रज कलेक्टरच्या पत्नीचे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे जाकीट आम्ही नेटक्या, लांब टाक्याने भरले आणि ते काळाला धरूनच होते.

दोऱ्याच्या बाबतीत मशीन फार चिकित्सक आहे. सैल पिळाचे रेशीम कितीही सुंदर दिसले तरी आकडा त्यातले अर्धेच तंतू पकडतो आणि उरलेले पिंजून वर राहतात. घट्ट पिळाचा सुती दोरा सर्वांत बिनबोभाट चालतो. व्हिस्कोस रेयॉनला रेशमासारखी चमक येते, म्हणून दरबारी पोशाखांसाठी आम्ही त्यातला जाड दोरा घेतो आणि ताण अगदी सैल ठेवतो. जरीचा दोरा या मशीनमधून चालवण्याचा नाद सोडून द्यावा. जरीचे काम हातानेच करावे, आणि साखळीच्या कडेने जर टाचली तर दोन्ही कामे एकमेकांना उठाव देतात.

कापडावर नक्षी उतरवण्यासाठी खाका हाच मार्ग आम्ही कायम ठेवला आहे. बटर पेपरवर नक्षी काढून रेघेवर सुईने भोके पाडायची, कागद कापडावर ठेवून घासलेटात कालवलेली पांढरी पूड बोळ्याने वरून फिरवायची, की ठिपक्यांची रेघ उमटते. सॅटिनवर साखळीच्या लांब ओळी घातल्या की कापड आखडते. त्यावर उपाय दोनच: खाली ऑर्गंडीचे अस्तर द्यायचे आणि भरतकाम पूर्ण झाल्यावरच मापाने कापायचे. मखमलीवर सुईभोवतीची नळी लव दाबत जाते. वाफ देऊन ती बरीच उठते, पण पूर्ण नाही, म्हणून काळ्या मखमलीवर आम्ही ही मशीन वापरत नाही.

तक्रारी आहेत. विक्रेत्याने मशीन पूर्ण जुळवलेली आहे असे सांगून दिली होती, प्रत्यक्षात लूपर सुईच्या किंचित मागे फिरत होता आणि दर काही टाक्यांनी फासा सुटत होता. घरी येऊन पाहण्याचे आश्वासन फोनवरच राहिले आणि शेवटी गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींनी ते जुळवून दिले. तेल दिल्यानंतर ते सुईच्या दांडीवरून नळीत उतरते आणि पहिल्या वीतभर कामावर पिवळट ठिपके पडतात, म्हणून तेलाच्या दिवशी आधी चिंधीवर बराच वेळ चालवावे लागते. सुईच्या आकड्यावर बारीक खरवड आली तर सॅटिनचे तंतू ओढले जातात. नायलॉनच्या जुन्या मोज्यावरून सुई फिरवली की खरवड लगेच जाणवते. सुया प्रत्येक शिलाई-साहित्याच्या दुकानात मिळत नाहीत, तेव्हा त्या डझनाने आणून ठेवाव्यात.

शेवटचा मुद्दा ओळ संपवण्याचा. एकदोरी साखळी संपलेल्या टोकाकडून ओढली की सुरुवातीपर्यंत सरसर उसवत जाते. एका लावणीच्या प्रसंगात नर्तकीच्या बांगडीत साथीदाराच्या अंगरख्याच्या बाहीवरचे टोक अडकले आणि विंगेत येईपर्यंत मनगटाची अख्खी वेल दोऱ्यासारखी लोंबत होती. तेव्हापासून प्रत्येक ओळीचे टोक हाताच्या सुईने उलट बाजूला ओढून गाठ मारली जाते, आणि जिथे हात, दागिना किंवा तलवारीचा पट्टा घासतो तिथे आतून पातळ कापडाची पट्टी टाचली जाते. या गाठींना मशीनवरच्या भरतकामाइतकाच वेळ लागतो. काम घेताना मजुरी सांगायची असेल तर तो वेळ आधीच हिशेबात धरावा.