कागदी स्ट्रॉ की स्टीलची?

१ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली आणि शहाळेवाल्याकडे कागदी स्ट्रॉ दिसू लागली. शहाळ्याला ती पुरते. दहा मिनिटांत पाणी संपतं. पण मिल्कशेक घेऊन गप्पा मारत बसलात, तर टोक आधी मऊ पडतं, मग चपटं होतं आणि शेवटी जिभेवर लगदा येतो. शिवाय तीही एकदा वापरून फेकायचीच. काहींवर पाणी झिरपू नये म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणजे कुजण्याचीही बोंब.

स्टीलची स्ट्रॉ वर्षानुवर्षं टिकते. मात्र तिच्यासोबत येणारा बारीक ब्रश लागतोच. मी एकदा आमरस पिऊन ती तशीच सिंकमध्ये ठेवली. सकाळी आत रेषा धरून बसल्या होत्या, उकळत्या पाण्याशिवाय सुटेनात. गरम पेयाला ती नकोच, ओठ भाजतात. लहान मुलांच्या हाती देऊन पळू देऊ नये. आणि स्टीलची एक स्ट्रॉ बनवायला एका कागदी स्ट्रॉपेक्षा जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे चार वेळा वापरून ड्रॉवरमध्ये टाकली तर काहीच साधलं नाही.

माझ्या पिशवीत स्टीलची असते. ताक, सरबत, उसाचा रस मात्र थेट पेल्यानेच पितो.