निब ठणठणीत, घोळ तोंडाचा: साध्या शाईपेनाचे ९ महिने

निब अजून पहिल्या दिवसासारखी चालते. ९ महिने, रोजची तीन-चार पानं, एकदाही खरडली नाही. तरीही या पेनाला ५ पैकी ३ गुण. दोन गेले ते शाईच्या नळीच्या तोंडापायी, आणि ते तोंड आहे जेमतेम २.६ मिमीचं.

पेनाचं नाव देत नाही. चारशे रुपयांच्या आतलं, प्लास्टिकचं, आट्यांच्या टोपणाचं, मीडियम स्टील निबेचं, सोबत कन्व्हर्टर (मागची घुंडी फिरवून शाई ओढणारी सुटी नळी) दिलेलं कुठलंही पेन डोळ्यासमोर आणा. खाली जे लिहिलंय ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडतं.

दसऱ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. जानेवारीत कन्व्हर्टर अडला. मागची घुंडी गोल फिरायची, पण आतला दट्ट्या जागचा हलायचा नाही. जोर लावला की कट् आवाज, दट्ट्या होता तिथेच. विक्रीनंतरच्या सेवेला फोन केला तर उत्तर आलं, कन्व्हर्टर सुटा मिळत नाही, अख्खं पेन पाठवा, कुरिअर तुमचं. पुन्हा विचारल्यावर कळलं की वॉरंटी फक्त निबेला आहे. जाण्यायेण्याचं कुरिअर धरलं तर पेनाची निम्मी किंमत तिथेच जाते. जो भाग सगळ्यात आधी बिघडतो तोच सुटा विकायचा नाही, हे चीड आणणारं आहे. पेन घेण्यापूर्वी दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: याचा कन्व्हर्टर सुटा मिळतो का?

मग दुकानातून ‘सगळ्या पेनांना बसतो’ म्हणून दुसरा कन्व्हर्टर आणला. बसला. शाई ओढली, लिहिणंही सुरू झालं. दोन दिवसांनी टोपणाच्या आत निळं तळं, पकडीच्या खालच्या कडेला शाईचं कडं, आणि लिहायला टेकवलं की पहिल्या अक्षरावर टपकन थेंब. दोष निबेला दिला जातो, फीडला (निबेखालच्या, शाई पोहोचवणाऱ्या भागाला) दिला जातो, शाई पातळ आहे म्हटलं जातं. खरं कारण वेगळं असतं. पेनाच्या पकडीच्या आत एक छोटी पोकळ चोच असते, तिच्यावर कन्व्हर्टरचं किंवा कार्ट्रिजचं (शाई भरूनच मिळणाऱ्या नळीचं) तोंड घट्ट बसायला हवं. बाजारात या तोंडाची दोन मापं सर्रास फिरतात: आंतरराष्ट्रीय म्हणतात ते २.६ मिमी, आणि बऱ्याच चिनी पेनांतलं ३.४ मिमी. फरक ०.८ मिमीचा, नुसत्या डोळ्यांना पटकन दिसत नाही. लहान चोचीवर मोठं तोंड चढवलं की ते नुसतं टेकून राहतं. त्या फटीतून हवा आत शिरते. फीडमधून जितकी शाई कागदावर जाते तितकीच हवा आत यावी, ही सगळी तोल सांभाळायची गोष्ट आहे. हवेला दुसरी वाट मिळाली की शाईला धरून ठेवणारं काही उरत नाही, आणि ती ठिबकते. उलट, मोठ्या चोचीवर लहान तोंड दाबून बसवलं तर ते आज ना उद्या तडकतं.

माप तपासायला व्हर्निअर नसला तरी चालतं. ३ मिमीचा ड्रिल बिट घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही टूल्सच्या दुकानात सुटा मिळतो. तो उलटा करून गुळगुळीत शेपटाकडून कन्व्हर्टरच्या तोंडात हलकेच घालून बघा. सहज आत गेला तर तोंड ३.४ चं. तोंडाशीच अडला तर २.६ चं. दोन सेकंदांचं काम आहे, आणि दुकानदाराच्या ‘सगळ्यांना बसतो’वर विश्वास ठेवण्यापेक्षा कितीतरी भरवशाचं. पेनाचं माप ओळखायचं असेल तर एक आखूड आंतरराष्ट्रीय कार्ट्रिज दाबून बसवा, मग कार्ट्रिज चिमटीत धरून पेनाची पकड खाली लोंबकळू द्या. हलकासा झटका देऊनही निसटली नाही तर पेन २.६ चं.

पायलट, प्लॅटिनम, पार्कर, लॅमी यांची तोंडं ज्याची त्याची वेगळी असतात. त्यात दोष काही नाही, पण घेताना माहीत असायला हवं. पायलटचा कॉन-४० हा छोटा कन्व्हर्टर जेमतेम ०.४ मिली शाई घेतो आणि मोठा कॉन-७० सुमारे १ मिली, पण तो त्यांच्याच सगळ्या पेनांत मावत नाही.

योग्य मापाचा कन्व्हर्टर मिळाल्यावर ठिबकणं त्याच दिवशी थांबलं. मग दुसरी कटकट डोक्यात बसली: शाई अर्धी उरली की ती नळीच्या मागच्या टोकाला चिकटून बसते आणि पेन कोरडं पडतं. नळी अरुंद, आतून तेलकट, त्यामुळे पृष्ठताणाने शाईचा थेंब तिथेच लटकतो. यावर दोन उपाय आहेत. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब वाटीभर पाण्यात घालून कन्व्हर्टर त्यात दहा-बारा वेळा भरायचा-सोडायचा, मग साबण जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचा. तेवढ्याने भागलं नाही तर २ मिमीची गोळी नळीत टाकायची, पेन हलवलं की ती शाई फोडते. गोळी बेअरिंगच्या दुकानातून आणताना मात्र ‘स्टेनलेसचीच’ म्हणून ठासून सांगा. साध्या बेअरिंगची गोळी क्रोम स्टीलची असते, शाईत ती गंजते, आणि तो गंज फीडच्या बारीक खाचेत जाऊन बसतो.

फेब्रुवारीपर्यंत कन्व्हर्टरचा कंटाळा आला होता. पाऊण मिली शाईत ए-४ ची सात-आठ पानं होतात, म्हणजे एक दिवसाआड भरणं आलं. म्हणून पेनाची मागची नळी थेट शाईने भरायची, जुन्या ड्रॉपरच्या पेनांसारखी, असं ठरवलं. २.५ मिली शाई मावते, आठवडाभर बघायला नको. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांसारखी एबोनाइटची (कडक रबराची) पेनं पिढ्यान्‌पिढ्या अशीच भरली गेली.

प्रत्येक पेन असं भरता येत नाही. मागची नळी धातूची असेल तर विसरा, शाई ती आतून खाते. नळीच्या बुडाला बारीक भोक असेल किंवा शाई दिसायची खिडकी कापलेली असेल तरी नाही. पकड आणि नळी जोडणारे आटे किती फेऱ्यांचे आहेत ते मोजा. पाच पूर्ण फेरे बसत असतील तर उत्तम. तीनच असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

आट्यांच्या मुळाशी, पकडीच्या खांद्याला टेकेल अशी १ मिमी जाडीची ओ-रिंग (गोल रबरी कडं) घालायची. आतला व्यास आट्यांच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित कमी, म्हणजे ती ताणून बसते. ऑइल सीलच्या दुकानात पेनच नेऊन मापाला लावून घ्या, अंदाजाने आणलेली तीनदा बदलावी लागते. मग टूथपिकच्या टोकावर घेऊन सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर आट्यांवर. नळाच्या कामाचं किंवा पाण्याच्या फिल्टरला लावतात ते चालतं. व्हॅसलिन लावू नका. काही रबरं त्याने फुगतात, आणि उन्हाळ्यात ते पातळ होऊन फीडपर्यंत पोहोचलं तर शाई त्या जागेवरून घरंगळते, पेन अडखळतं. ग्रीस भसाभस फासायचं नाही, आटे चकाकले की पुरे. पहिल्यांदा शाई नको, पाणी भरा, पेन टिश्यूत गुंडाळून रात्रभर आडवं ठेवा. सकाळी टिश्यू कोरडा तरच शाई.

दोन महिने हीच पद्धत सगळ्यांनी वापरावी असं मत होतं. एप्रिलने ते बदललं.

नळी निम्मी रिकामी झाली की पेन शाई ओकायला लागतं. आतली हवा गरम होऊन फुगते आणि समोरच्या शाईला निबेतून ढकलते. पंख्याखालच्या २५ अंशांतून ३८ अंशांच्या खिशात पेन गेलं की कोरडी हवासुद्धा ४ टक्क्यांहून जास्त फुगते, वर शाईची वाफ वेगळी. हाताची ऊबही तेच करते, म्हणून पातळ भिंतीच्या प्लास्टिक पेनात हा त्रास जास्त आणि जाड एबोनाइटमध्ये कमी.

घाटाचा हिशेब याहून वाईट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. गगनबावड्याहून खाली कोकणात उतरताना पेनाला काही होत नाही, बाहेरचा दाब वाढतो. खाली टोपण उघडून लिहिलं की आतला दाबही तितकाच होतो. परत वर येताना बाहेरचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी घटतो आणि आतली हवा तेवढीच फुगते. नळीत १.५ मिली हवा असेल तर ०.०९ मिली शाई बाहेर, म्हणजे जवळपास दोन थेंब. फीडच्या कंगव्यासारख्या फटी थोडी शाई झेलतात, दोन थेंब झेलणं स्वस्त फीडला जड जातं. कन्व्हर्टरमध्ये अर्धा मिली हवा असली तरी हिशेब ०.०३ मिलीचा, एक थेंबही नाही. कन्व्हर्टरला ज्या कमी शाईसाठी नावं ठेवली, तीच इथे कामी येते.

आताचं मत असं: टेबलावरून न हलणाऱ्या पेनाला ड्रॉपरची पद्धत, खिशातल्या आणि प्रवासातल्या पेनाला कन्व्हर्टर. ड्रॉपरचं पेन बाहेर न्यायचंच असेल तर काठोकाठ भरून, निब वर करून. निब वर असली की निबेशी हवा राहते, फुगली तर तीच बाहेर जाते. पिशवीत आडवं टाकलेलं अर्धं पेन म्हणजे वह्यांचा सत्यानाश.

दाबून भरायच्या रबरी नळीची स्वस्त पेनं चांगली चालतात, फक्त रबर कडक झालं की सगळंच संपतं. आतच दट्ट्या असलेली पेनं छान, पण त्यातली टिकणारी या किमतीत नाहीत. कार्ट्रिज वापरायचीच असतील तर रिकामी फेकू नका. २ मिलीची सिरिंज, सुईचं टोक कानशीने बोथट करून, कार्ट्रिजमध्ये तळापासून शाई सोडायची. दहा-बारा वेळा भरल्यावर तोंड सैल होतं, मग ते बाद. सैल तोंड काय करतं ते वर आलंच आहे.

शाईसाठी कॅम्लिनची रॉयल ब्लू, ६० मिलीची बाटली. वाया जाणारी धरूनही कन्व्हर्टर सत्तरच्या वर वेळा भरतो. इतक्या शाईच्या कार्ट्रिजना जे पैसे पडतात त्यात दुसरं पेन येतं. ब्रिलही चालते. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई दुकानात शेजारीच ठेवलेली असते, ती चुकूनही नको. ती फीडमध्ये वाळली की पाण्याने निघत नाही. दाट वाटते म्हणून बाटलीत नळाचं पाणीही घालू नका, बुरशी धरते.

पावसाळ्यात शाई कागदावर फुटायला लागली की पेनाला बोल लावू नका. जुलैत वह्या दमट होतात. 

आणि जुलैतली भर. जानेवारीत अडलेला मूळ कन्व्हर्टर टाकला नव्हता. तो रात्रभर पाण्यात भिजवला, घुंडी हळूहळू उलटसुलट फिरवत दट्ट्या मागे आणला. टूथपिकच्या टोकावर मोहरीच्या निम्म्याएवढं सिलिकॉन ग्रीस घेऊन तोंडातून आत घातलं, नळीच्या भिंतीला गोल फिरवून लावलं आणि दट्ट्या दहा-पंधरा वेळा वरखाली केला. तिसऱ्या-चौथ्या फेरीला कट् आवाज थांबला. मळसूत्र झिजलं नव्हतं. दट्ट्या कोरडा पडून भिंतीला धरत होता, म्हणून घुंडी नुसती सटकत होती. सध्या तोच कन्व्हर्टर पेनात आहे, तोंड २.६ मिमी, आणि टोपण आतून कोरडं.