ट्रायसूटची चेन: वर्षभर वापरल्यानंतर

परवा माझ्या ट्रायसूटच्या (ट्रायथलॉनमध्ये पोहणं, सायकल आणि पळणं हे सगळं ज्यात करतात तो सूट) चेनचा नवा रनर कुरियरने आला. फुकट, बिल न मागता. सोबत तो कसा बसवायचा याचा एक फोटो होता. म्हणून हे लिहायला बसले.

कापड, शिवण, खिसे याबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडेल. मला चेनबद्दल बोलायचंय. गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 या ट्रायथलॉन शर्यतीत मिरामारच्या खाऱ्या पाण्यात 1.9 किमी पोहायचं, तोच सूट अंगावर वाळवत 90 किमी सायकल मारायची आणि मग उन्हात 21.1 किमी पळायचं. पळताना जीव कासावीस झाला की एनर्जी जेलने चिकट झालेल्या बोटांनी चेन खाली ओढावी लागते. माझ्या आधीच्या सूटचा रनर तेव्हाच अडकला. मिठाचा पांढरा-हिरवट थर, एक दात सुटलेला. त्या कंपनीच्या जाहिरातीत क्रिकेटपटू झळकतो. तक्रार केली तर आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग उत्तरच नाही.

आताची कंपनी व्यावसायिक ट्रायथलीटना कपडे पुरवते. हिची चेन प्लास्टिकच्या जाड दातांची, वर मानेला टोचू नये म्हणून कापडाची छोटी घडी. आठवड्याला पंचवीस-तीस तास घाम गाळणारी माणसं हेच कपडे घालतात, त्यामुळे उणीव आधी त्यांनाच बोचते. आणि ती झाकता येत नाही. 2021 मध्ये टोकियोत नॉर्वेचा ट्रायथलीट ब्लुमेनफेल्टने 1:45:04 मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि त्याचा ओला पांढरा सूट किती पारदर्शक आहे हे अख्ख्या जगाने पाहिलं. अशी उघड परीक्षा जाहिरातीतल्या क्रिकेटपटूच्या कपड्यांची कधी होते?

पहिले काही महिने सूटमधल्या सायकलवर बसायच्या पॅडवर मी नाराज होते. फारच पातळ वाटलं. पळायला लागल्यावर मत बदललं: भिजूनही जड होत नाही, मांड्या सोलत नाहीत. रविवारच्या लांब राइडला मात्र अजूनही बिब शॉर्ट्सच (खांद्यावर पट्टे असलेली सायकलिंगची चड्डी) घालते.

किंमत आधीच्या सूटच्या जवळजवळ दुप्पट. मी पैसे जपून वापरते, त्यामुळे हे खुपलंच. पण हवाईतल्या कोनाला 2022 मध्ये आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेत विजेत्याला सव्वा लाख डॉलर मिळाले, आणि पहिल्या पंधराच्या बाहेर राहिलेल्यांना बक्षिसाचा एक डॉलरही नाही. या खेळाडूंचा प्रवास, प्रशिक्षक, घरभाडं बरंचसं प्रायोजकांवर चालतं. माझे जादाचे पैसे होर्डिंगवर जाण्यापेक्षा तिकडे गेलेले मला हवेत. त्यातून आपला खेळही टिकतो.

घेणार असाल तर कंपनीच्या साइटवर खेळाडूंची यादी बघा. त्यात ट्रायथलीट नसतील तर पुढे जा. मागच्या मोसमाचा रंग स्वस्तात मिळतो, चेन तीच असते. आणि समुद्रातून आल्यावर रनर गोड्या पाण्याखाली धरून चार-पाचदा वर-खाली करा.