टेकच्या बातम्या कुठं वाचायच्या: यूट्यूब, टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल का जुनं आरएसएस?

मामेभावानं बारावीनंतर नवा फोन घेतला आणि तेव्हापासून एकच लावून धरलं, "दादा, फोनबिनच्या बातम्या तुले आधी कशा मालूम पडते? मले बी सांग ना काय लावू." त्याचं गाव दारव्ह्याच्या पुढं, गच्चीवर गेलं तं टॉवरच्या दोन दांड्या, आणि दीड जीबी संध्याकाळच्या आत साफ. त्याच हिशोबानं लिहून राहिलो, पुण्यात वायफायवर बसलेल्यांनी हसू नये.

यूट्यूब मलाही आवडतं पण बातमी एका ओळीची आणि व्हिडिओ अकरा मिनिटांचा, त्यात पहिले दोन मिनिटं घंटी दाबा न् सबस्क्राइब करा. फोन घ्यायचाच असेल, हातात कसा दिसतो, कॅमेरा कसा, तं तिथंच पाहा, फक्त सुरुवातीला पेड प्रमोशनची पाटी येते का तिकडं लक्ष ठेव.

23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरून राहिलं होतं तेव्हा आम्ही आठ-दहा जण एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात एकाच फोनवर लाइव्ह पाहत होतो, सहा वाजून चार मिनिटांनी ते उतरलं तेव्हा आमच्या स्क्रीनवर नुसतं गोल चक्कर फिरत होतं, आणि तिकडून चहा गाळता गाळता पोरगं ओरडलं "उतरलं बे!" त्याला टेलिग्रामवर एक ओळ आली होती. एका ओळीला अशी कितीशी रेंज लागते.

म्हणून वेगात टेलिग्राम पहिला, जुन्या पोस्टही शोधता येतात. पण कचरा लय. सारख्या नावाचे चार चॅनेल, मधातच सेलच्या लिंका, चोरीचे पिक्चर. अशाच एका चॅनेलवरून अपडेट समजून मी एक फाइल टाकली, फोनभर जाहिराती सुरू झाल्या, शेवटी फॅक्टरी रिसेट मारावा लागला न् बहिणीच्या हळदीचे फोटो गेले ते गेलेच. तेव्हा तिथं फक्त वाचायचं, काही डाउनलोड करायचं नाही.

व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल आपल्याकडं सप्टेंबर 2023 मध्ये आले. वेगळं अ‍ॅप नको, तुझा नंबर बाकीच्या फॉलोअर्सना दिसत नाही, हे चांगलं. पण जुन्या पोस्ट कंपनी तिच्याकडं साधारण तीसच दिवस ठेवते, आणि बातमी बिचारी मावशीच्या स्टेटसखाली दबलेली असते. आईला चालेल, तुला पुरणार नाही.

आता आरएसएस. 1 जुलै 2013 ला गूगल रीडर, म्हणजे आरएसएस वाचायची गूगलची सोय, बंद झालं तेव्हा सगळे म्हणाले आरएसएस मेलं, पण बहुतेक पॉडकास्ट आजही आरएसएसवरच चालतात. काम सोपं आहे, साइटच्या नव्या लेखांच्या यादीचा, म्हणजे फीडचा, पत्ता अ‍ॅपला द्यायचा, अ‍ॅप जाऊन नवीन लेख घेऊन येते, कोणता वर दाखवायचा ते कंपनी ठरवत नाही. मी फीडर नावाचं फुकट अ‍ॅप वापरतो, सेटिंगमध्ये फक्त वायफायवर सिंक आणि पूर्ण लेख उतरवणं चालू करून ठेवलंय. हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाइन असली की बारा वाजता मोटर सुरू करायची न् धुऱ्यावर बसायचं, रेंज शून्य, पण तालुक्याला दोस्ताच्या दुकानात उतरवलेले वीस-पंचवीस लेख खिशात असतात, स्प्रिंकलरचे पाइप बदलून आलं की पुढचा उघडायचा. हात चिखलाचे असले तं अँटेनापॉड नावाच्या अ‍ॅपवर पॉडकास्ट, तोही आधीच उतरवलेला.

त्रास आहेच. सुरुवातीला पत्ते शोधत बसावं लागते, काही साइट फीडमध्ये दोनच ओळी देतात, आणि खोलात जाऊन लिहिणारं बरंचसं इंग्रजीत. आणि हौसेनं चाळीस साइट टाकल्या तं आठ दिवसांत अ‍ॅप उघडायचीच भीती वाटते, मी केलंय ते.

हॅकर न्यूज ही वाचकांनीच टाकलेल्या टेकच्या लिंकांची साइट 2007 पासून आहे, नुसती अक्षरं, एका दांडीवर उघडते, पण प्रोग्रामिंगची आवड असेल तरच.

एआयला "आज काय झालं" विचारायची नवी फॅशन आहे, मला त्यानं मागच्या वर्षीची किंमत आजची म्हणून सांगितली. लिंक देत असेल तं उघडून तारीख पाहायची.

मामेभावाला म्हटलं, फीडरमध्ये पाच-सहा साइट, टेलिग्रामवर एकच चॅनेल आणि तोही म्यूट. रविवारी बाजाराला येशील तेव्हा फोन घेऊन ये, दुकानातल्या वायफायवर लावून देतो, चार्जर मात्र तुझा आण.