मानधन घेऊन पिल्ले सांभाळताना: काही महिन्यांचा अनुभव

निवारा केंद्रातील कुत्र्याची पिल्ले दत्तक जाईपर्यंत आपल्या घरी सांभाळायची आणि त्याचे मानधन घ्यायचे, अशा योजनेत मी गेल्या पावसाळ्यापासून आहे. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारही आहे. दर पिल्लामागे दिवसाला १५० रुपये, खाद्य आणि लसी संस्थेच्या, औषधांची बिले मागाहून भरून मिळणार, असा करार आहे. हे पुण्याचे काम असल्याने त्याचे पैसे घेऊ नयेत, असे सांगणारे पुष्कळ भेटले. मला ते पटत नाही. मी नोकरी करते, आणि नेरूळच्या आमच्या घरी दुपारचे खाणे, पुसणे, घाण झालेली वर्तमानपत्रे बदलणे हे सारे कामाला येणाऱ्या मावशी पाहतात, म्हणून निम्मे मानधन त्यांना जाते. योजना फुकट असती, तर पुण्य माझ्या नावावर आणि लादी त्यांच्या वाट्याला, असा प्रकार झाला असता.

घराची खरी गरज लसीकरण पुरे होण्याआधी असते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत जाते, पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात मिळते आणि पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. एवढ्या काळात केंद्रातल्या गर्दीत पार्वो हा विषाणूमुळे होणारा, झपाट्याने पसरणारा आजार शिरला, तर पिल्ले भराभर आजारी पडतात. आमच्याकडे ती एकाच खोलीत राहतात, खाली आवारात नेली जात नाहीत, आणि रोज सकाळी एकेकाला स्टीलच्या पातेल्यात बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन टिपले जाते. पातेल्यातून बाहेर पडायची धडपड चालू असताना काटा स्थिर होण्याची वाट पाहणे, हे दिवसातले सर्वांत चिकाटीचे काम आहे. लादीसाठी फिनेल चालत नाही, कारण पार्वोच्या विषाणूवर त्याचा भरवसा धरता येत नाही. एक भाग ब्लीचमध्ये तीस भाग पाणी घालून ते दहा मिनिटे लादीवर राहू द्यावे लागते.

करारातली खरी खोट मला डिसेंबरात कळली. एका पिल्लाने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या आणि रक्ताचे जुलाब लागले. तपासणीत पार्वो निघाला. पिल्लू सलाइनवर राहून वाचले, संस्थेने उपचारांत कसूर केली नाही. मात्र हा विषाणू घरात दीर्घकाळ तग धरत असल्याने लस न झालेले पिल्लू तीन महिने आमच्याकडे ठेवायचे नाही, असे ठरले आणि मानधन त्याच दिवशी थांबले. नियम योग्यच आहे, पण आजार वेळेवर कळवणाऱ्याचेच उत्पन्न बुडावे, ही व्यवस्था घातक आहे. ज्यांचे घरभाडे या पैशांवर अवलंबून असेल, त्यांना पहिला पातळ जुलाब ‘खाणे बाधले असेल’ म्हणून दोन दिवस दडवून ठेवण्याचा मोह होईल, आणि पार्वोत तेवढा उशीर जिवावर बेततो. घर बंद असतानाच्या काळातही निदान निम्मे मानधन मिळालेच पाहिजे.

बाकीच्या अडचणी किरकोळ आहेत. बिलांची रक्कम मागितल्याशिवाय येत नाही आणि मागितल्यावरही रखडते. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट असल्याने सचिवांनी प्राण्यांबद्दल हरकत घेतली नाही. पैसे मिळतात म्हणजे सदनिकेचा व्यावसायिक वापर होतो का, असे मात्र लेखी विचारले. आमच्याच मजल्यावर बारा वर्षे शिकवणी चालते, तिथे हा प्रश्न कधी पोहोचला नव्हता.

नव्याने येणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: रात्री-अपरात्री कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, बिल किती दिवसांत भरून मिळेल, आणि संसर्गामुळे घर बंद राहिले तर काय. घरी आधीपासून कुत्रा असेल, तर त्याच्या लसी पूर्ण असल्याखेरीज या फंदात पडू नये. बंद काळातील मानधनाची तरतूद करारात घालावी, असे पत्र मी संस्थेला दिले आहे. सध्या लसीकरण झालेली, पायाला प्लॅस्टर घातलेली एक मोठी कुत्री आमच्याकडे आहे. त्या पत्राचे उत्तर येईपर्यंत पिल्ले घेणार नाही.