आधी घाबरणारे गाणे

सांगलीत विश्रामबागेत माझा हार्मोनियमचा छोटा वर्ग आहे. संध्याकाळी तेथे सात-आठ स्त्रिया येतात. काही गृहिणी, काही नोकरदार. यंदा कोजागरीला त्यांनी भावगीत बाजूला ठेवून अमेरिकन डिस्को गायिका ग्लोरिया गेनर हिचे ‘आय विल सर्व्हाइव्ह’ म्हणायचे ठरवले, तेव्हा मी नाकच मुरडले होते. स्त्रीच्या आत्मविश्वासावरची अलीकडची बरीच गाणी पहिल्या ओळीपासून डरकाळी फोडतात आणि तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत त्यांतला दम संपलेला असतो. हे गाणे मात्र महिनाभर रोज वाजवूनही शिळे झाले नाही, आणि याचे श्रेय मी शब्दांपेक्षा त्याच्या बांधणीला देईन.

प्रारंभी पियानोवर स्वरांची एक लांब लहर उठते आणि गायिका ठेका नसतानाच, जवळजवळ आलापाच्या अंगाने, आपण किती घाबरलो होतो ते सांगू लागते. त्याच्यावाचून जगणे जमणार नाही असे वाटले, कित्येक रात्री त्याच्या वागण्याचा विचार करण्यात गेल्या आणि त्यातूनच बळ आले, इथपर्यंत ती पोचते आणि मग ड्रम सुरू होतो. आधी भीतीची कबुली आणि नंतर ठेका, हा क्रम उलटा असता तर गाण्यात काही उरले नसते.

मिरजेच्या तानपुऱ्यावर वाढलेल्या माझ्या कानाला पाश्चात्त्य कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांची, ये-जा सहसा उपरी वाटते. येथे तसे झाले नाही. गाण्याचा षड्ज (मूळ ‘सा’) पेटीची पांढरी सहा, म्हणजे आमच्या बायका एरवी ज्या पट्ट्यांत गातात त्या काळी चार आणि काळी पाचच्या बरोबर मधला. तेथून निघालेली प्रत्येक कॉर्ड आधीच्या कॉर्डच्या मध्यमावर, म्हणजे चौथ्या स्वरावर, उभी राहते (एकदाच तीव्र, म्हणजे चढा मध्यम लागतो), सातव्या-आठव्या मात्रागटात (चार-चार ठोक्यांच्या गटात) पांढरी तीनवर थोडी रेंगाळते आणि पुन्हा मूळ जागी येते. कडवे असो वा ध्रुपद, हेच आठ मात्रागट शेवटपर्यंत फिरत राहतात. जाते एकाच खिळ्याभोवती फिरत असते आणि ओवी मात्र पुढे सरकत असते, तशीच ही रचना आहे. पट्टी कोठेही चढत नाही आणि मागे साथीचा कोरसही नाही. एका बाईचा आवाज सगळा भार उचलतो.

तो भार शब्दशःही होता. १९७८ मध्ये रंगमंचावर पडल्यामुळे गेनर हिच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती आणि हे गाणे तिने पाठीला आधाराचा पट्टा बांधून ध्वनिमुद्रित केले. गीत-संगीत डीनो फेकारिस आणि फ्रेडी पेरेन या दोन पुरुषांचे आहे, हे आमच्या वर्गात कोणाला पटेना. कंपनीने ते तबकडीच्या मागच्या बाजूला घातले होते, परंतु डिस्कोतल्या डीजेंनी तबकडी उलटली आणि मार्च १९७९ मध्ये गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. पुढच्या वर्षी त्याला डिस्को ध्वनिमुद्रणाचे ग्रॅमी मिळाले. तो पुरस्कार त्या एकाच वर्षी दिला गेला.

दोषही सांगायला हवेत. मिनिटाला सुमारे ११७ ठोके, तेही सगळे सारख्याच वजनाचे. त्यात खाली (तालातली हलकी मात्रा) नाही आणि सम (आवर्तनाची पहिली, वजनदार मात्रा) शोधावी तर प्रत्येक ठोका समच. आमचे तबलजी पहिल्या दिवशी वैतागून हात बांधून बसले होते, आणि त्यांचे फारसे चुकले असे मला वाटत नाही. नाचण्यासाठी केलेली सुमारे ८ मिनिटांची लांब आवृत्ती घरी बसून ऐकण्याजोगी नाही, कारण शब्द थांबले की ताण सुटतो. गावातल्या एका दुकानातून आम्ही कराओके ट्रॅक विकत घेतला, त्यात कोणीतरी मागे चार-सहा आवाजांचा कोरस भरला होता. एकटीने उभे राहण्याच्या गाण्याला गर्दी जोडण्यामागचे डोके कोणाचे, कळत नाही. तो ट्रॅक आम्ही टाकून दिला आणि पेटीवरच भागवले.

उच्चारांचा प्रश्न बायकांनी सोडवला. शब्द भराभर येतात, म्हणून प्रत्येकीने ते वहीत देवनागरीत उतरवून श्वासाच्या जागी लाल पेनने काकपद (^ अशी खूण) केले. तो परत दारात येतो आणि त्या मूर्ख कुलपाची चावी तेव्हाच काढून घ्यायला हवी होती असे ती म्हणते, तेथे सगळ्याच जोर लावत. हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिणारी एक विद्यार्थिनी त्या ओळीला एकदा गायचीच थांबली आणि म्हणाली, “बाई, मी तर कुलूपच बदललं होतं.” त्या दिवशी पुढची ओळ कोणालाच हसण्यामुळे धरता आली नाही.

घ्यायचे असेल तर ‘लव्ह ट्रॅक्स’ या १९७८ च्या अल्बममधले मूळ ध्वनिमुद्रण घ्यावे, आणि पहिल्यांदा ऐकताना आवाज लहान ठेवावा, म्हणजे ड्रमच्या आधीचा तो थरकाप नीट ऐकू येतो.